बिनफोडणीचं पिठलं

माझं कुणी ऐकलं नाही. एकाही माणसानं नाही. पहिल्या दिवसापासून घसा फोडून सांगत होते, सुगलाबाई पडून मेलेली नाही, तिला मारलंय, आणि पिठलं ज्या घरातून आलं त्याच घरात मारणारा बसलाय. नवरा म्हणाला, "शेवंता, तुझं डोकं फिरलंय." हवालदार म्हणाला, "मावशी, घरी जा." जाऊबाईनं तर माझ्यावरून लिंबू उतरवून चौकात टाकलं. आता मारणारा आत गेलाय, आपल्या तोंडानं कबूल झालाय, तर अख्खी गल्ली म्हणते, "आमाला आधीच वाटत हुतं की." काय वाटत होतं? डोंबल.

आमचं सोलापुरात कडक भाकरीचं केंद्र आहे. आम्ही सगळ्या बायका. हात पिठात गुंतलेले, तोंड मोकळं, त्यामुळे किस्से काय, भाकरीवर भाकरी रचावी तसे रचले जातात. एरवी हसून सोडून देतो. पण हे जे सांगतेय ते सगळे एकाच मयताचे किस्से आहेत. हसा पाहिजे तर, माझी ना नाही. नाव मात्र मी आत्ता घेणार नाही. त्या दिवशी जसं शेवटी वाचलं, तसं शेवटीच सांगणार.

*

आधी आमची रीत सांगते, नाहीतर पुढचं डोक्यात शिरायचं नाही.

कुणाच्या घरी मयत झालं की त्या घरात चूल पेटत नाही. शेजारपाजारच्या घरांतून पिठलं-भाकरी येते. ते पिठलं वेगळं असतं. फोडणी नाही, हळद नाही, नुसतं बेसन, पाणी, मीठ, मिरची. न्यायचं, उंबऱ्यावर ठेवायचं आणि हाक न मारता मागं फिरायचं. पातेलं परत मागायचं नाही. मयताच्या घरी जाऊन "माझं पातेलं द्या" म्हणणारी बाई आमच्यात अजून जन्मायची आहे.

माझा सासरा एकदा दवाखान्यात होता. कुणीतरी गल्लीत उठवून दिलं, म्हातारा गेला. आम्ही त्याला धडधाकट रिक्षातून घरी आणलं, तर ओट्यावर पातेल्यांची रांग. म्हाताऱ्यानं विचारलं, "कोण मेलं गं?"

मी म्हटलं, "तुमीच."

म्हाताऱ्यानं पहिल्या पातेल्यावरचं ताट उचलून बघितलं. मग म्हणाला, "मग वाढ की."

स्वतःच्या मयताचं पिठलं चापून खाल्लं, आणि वर म्हणतो, "फोडणी न्हाय घातली व्हय?"

*

सुगलाबाई म्हणजे आमच्या केंद्राची मालकीण. जागा तिची स्वतःची, कोपऱ्यावरची. नवरा लवकर गेला, तिनं भाकऱ्या थापून पोरगा वाढवला. पोरगा सिद्धू ट्रकवर. सून रेणुका आमच्याबरोबर भाकऱ्या थापायची. दोघं राहायला दुसऱ्या गल्लीत, म्हातारी केंद्रातच मागच्या खोलीत झोपायची.

त्या सकाळी मी आणि हसीना नेहमीसारख्या आलो. हसीना माझी जोडीदारीण, मी थापायचं आणि तिनं शेकायचं. बघतो तर उंबऱ्यावर पितळी पातेलं, वर ताट झाकलेलं.

हसीना म्हणाली, "सुगलाबाईनं न्याहारी काढून ठेवली वाटतं."

मी ताट उचललं. पिठलं. गार पडून वर जाड साय धरलेली. हळद नाही. फोडणीचा वास नाही.

"हसीना, गल्लीत कोण गेलं गं?"

"कोन नै गया. का?"

"मग मयताचं पिठलं आपल्या उंबऱ्यावर कसं?"

तिला वाटलं घर चुकलं असेल. मलाही तेच वाटलं. मी पातेलं कमरेवर घेतलं आणि दार लोटलं. कडी लावलेली नव्हतीच. आत माळ्याच्या शिडीखाली सुगलाबाई पडलेली. डोकं फुटलेलं, ज्वारीचं पोतं फाटून सगळी ज्वारी तिच्या अंगावर.

आधी पिठलं सापडलं, मग मढं. एवढा क्रम लक्षात ठेवा. पोलिसांनी नाही ठेवला.

*

हवालदार दुपारी आला, शिडीकडे बघितलं, पोत्याकडे बघितलं, म्हणाला, "पोतं काढताना तोल गेला."

मी म्हटलं, "साहेब, पोतं काढायला ती हसीनाला सांगायची. गुडघं गेल्यापास्नं शिडीला हात लावला न्हाय तिनं. आन् हे पिठलं बगा. आमाला कळायच्या आधी कुणाच्यातरी घरी कळलं हुतं. मारणाऱ्या गड्यानं घरी जाऊन बायकूला सांगितलं आसंल, सुगलाबाई गेली म्हणून. बाईला येवढं कळलं की तिचा हात बेसनाच्या डब्याकडं जाणारच. त्यानं सगळं लपवलं, पर बायकूला पिठलं करू नगं म्हणायचं राहून गेलं."

हवालदारानं वही मिटली. मग म्हणाला, "मावशी, पिठल्यावर गुन्हा नोंदवता येत नाही."

"मग पातेलं तरी ताब्यात घ्या."

"घेऊ की. कुठं आहे?"

पातेलं अंगणात होतं. मातीला आलेले पाहुणे भुकेले, त्यात भाकऱ्यांचं केंद्र, कडक भाकरी हाताशी. मी पोचेपर्यंत हसीना तळ पुसून घेत होती. म्हणाली, "अन्न टाकायचं नसतं गं." हवालदारानंही भाकरी चुरून खाल्ली होती, मिशीला लागलेलं मी बघितलं. पुरावा गेला खाकीच्या पोटात, आणि वेडी कोण? मी.

पातेल्याच्या काठावरून बोट फिरवलं. आमच्याकडे नाव काठावर कोरतात. तिथं काही नव्हतं.

"नाव नाही, म्हणजे मालक नाही," हवालदार म्हणाला आणि पाणी मागितलं.

बाकीच्यांची पातेली दिवस झाल्यावर ज्याची त्याला गेली. हे एक राहिलं. बायका चुलीवर पिठासाठी पाणी तापवायला ते वापरायला लागल्या. बूड काळंकुट्ट झालं.

*

मग यश आला. गल्लीतलाच, पुण्याला शिकून आलेला, दाढी राखलेला. म्हणाला, मी पॉडकास्ट करतो. पॉडकास्ट म्हणजे काय, तर मोबाईलमधला रेडिओ, आणि त्याला गप्प बस म्हणणारं कुणी नाही. नाव ठेवलं होतं 'गुन्हा गरमागरम'. खरे खून घ्यायचे आणि मागं ढणढण संगीत लावायचं.

पहिल्याच भागात तो म्हणाला, "हा अपघात नव्हता. हा मर्डर होता."

अख्ख्या गल्लीच्या अंगावर काटा आला. बायका कानात वायर घालून भाकऱ्या थापायला लागल्या. माझी जाऊबाई मला सांगते, "शेवंता, तुला म्हाईत हाय का, सुगलाबाईला मारलंय." मी परात आपटली. मी म्हटलं तेव्हा लिंबू, आणि यशनं म्हटलं तर संशोधन.

त्याला आमच्या इथंच रेकॉर्डिंग करायचं होतं. भाकरी थापण्याचा आवाज पाहिजे म्हणे, "वातावरण क्रिएट होतं मावशी." माइक ठेवायला उंच काहीतरी पाहिजे, तर चुलीजवळचं तेच काळं पातेलं उचललं, पालथं घातलं, त्यावर फडकं आणि फडक्यावर माइक. "जुनं आहे, छान व्हाइब आहे," म्हणाला. तेव्हापासून ते पातेलं त्याचं झालं. पाणी तापवायला आम्ही दुसरं घेतलं.

आणि भाग सुरू होताना दर वेळी म्हणायचा, "हा भाग तुमच्यासाठी घेऊन येत आहेत महालिंग चटणी भांडार. खून थंड डोक्यानं, चटणी मात्र झणझणीत."

ते चटणीचं दुकान आमच्या भिंतीला भिंत लावून. पाटीवर मालकाचं स्वतःचंच नाव, पण त्याला सगळे आण्णा म्हणायचे. सुगलाबाईच्या मातीची सगळी धावपळ आण्णानंच केली होती. हार, गाडी, भटजी-अय्या, सगळं. सुगलाबाई गेल्यावर गल्लीत सगळ्यात मोठ्यानं रडला असेल तर तो आण्णा.

*

मर्डर म्हटल्यावर मारणारा पाहिजे. यशनं सून धरली.

कारण काय? सासू-सून होत्या, एवढंच. त्या रात्री सिद्धू ट्रकवर होता, रेणुका घरी तापानं फणफणलेल्या पोरीला घेऊन बसलेली. म्हणजे साक्षीला कोण? तीन वर्षांची पोरगी. झालं.

यश माझ्याकडे आला. "मावशी, रेणुकाचं सासूशी पटायचं का? जरा मनापासून बोला, थोडं इमोशनल."

मी म्हटलं, "रेणुका सासूला तोंडावर बोलायची. मर म्हणायची. मीबी माझ्या सासूला म्हणायची, हसीनाबी म्हणायची. पर सासू आजारी पडली तर पाय दाबत बसायची ती पोरगी. तिनं मारलं म्हणणाऱ्याच्या जिभेला किडे पडतील."

मोबाईलवर काय आलं? "रेणुका सासूला तोंडावर बोलायची. मर म्हणायची." मग ढणढण. मग चटणीची जाहिरात.

मी यशला गचांडीला धरलं. "माझं बाकीचं बोलणं कुटं हाय?"

"मावशी, एडिट करावं लागतं. लोक लांबलचक ऐकत नाहीत."

"मग तुझी दाढी एडिट करू का? हितं चिमटा हाय."

हसीनानं सोडवलं, नाहीतर त्याच्या पॉडकास्टला मीच पुढचा भाग दिला असता.

*

त्या भागानंतर केंद्रावर गिऱ्हाईक वाढलं. भाकऱ्या घ्यायला नाही, रेणुकाला बघायला. बाईमाणसं नाकाला पदर लावून विचारायची, "ती कुटली?" एकजण तिच्याबरोबर फोटो काढून गेला. आणि मग त्याच बायका म्हणायच्या, "तिच्या हातच्या नगंत हां, दुसऱ्या बाईच्या द्या."

मी म्हटलं, "इख आमी सगळ्याच घालतो. घ्यायच्या तर घ्या."

पण सिद्धूनंही ऐकलं. ट्रकमध्ये, घाटात, एकटा, कानात ते संगीत. घरी आला आणि रेणुकानं वाढलेलं ताट त्यानं बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी पोरीला उचललं आणि नातेपुत्याला बहिणीकडे नेऊन ठेवलं. म्हणाला, "खरं काय ते कळू दे, मग बघू."

रेणुका तशीच कामाला आली. भाकरी थापता थापता हात थांबायचे. मी म्हटलं, "रड की."

ती म्हणाली, "मावशी, रडले तर यशदादा म्हणंल पश्चात्ताप झालाय. न्हाय रडले तर म्हणंल दगड हाय. तुमीच सांगा काय करू."

मी भाकरी जाळली त्या दिवशी. आयुष्यात त्याआधी मी भाकरी जाळली नव्हती.

*

आण्णा त्या पॉडकास्टचा खास पाहुणा झाला. "बाईंना जवळून ओळखणारे, ज्येष्ठ समाजसेवक" असं यश म्हणायचा. चटणीचा समाजसेवक.

आण्णा माइकपुढं बसायचा, उपरण्यानं डोळे पुसायचा. "सुगलाबाई माझी बहीणच. सुनेच्या त्रासाला कंटाळली होती बिचारी. माझ्याजवळ बोलायची."

सुगलाबाई आण्णाजवळ एकच गोष्ट बोलायची ती आम्हाला भिंतीपलीकडून ऐकू यायची. तो म्हणायचा, "जागा दे, दुकान मोठं करतो." आणि ती म्हणायची, "भाकरी खाऊन जा, जागा मिळणार न्हाय." दोघं हसायची. निदान ती तरी हसायची.

यशनं एकदा विचारलं, "आण्णा, वहिनी दिसत नाहीत बरेच दिवस?"

"मंगळवेढ्याला, माहेरी. सुगलाबाई गेल्यापासून तिला इथं करमेना. मन फार हळवं आहे तिचं."

खाली लोकांनी लिहिलं, काय माणूस आहे, काय कुटुंब आहे. बदामांचा पाऊस.

*

एक दिवस आण्णा नवंकोरं स्टीलचं पातेलं घेऊन आला. मोठं, चकचकीत, वर फीत बांधलेली. "सुगलाबाईच्या आठवणीत, केंद्राला माझ्याकडून भेट. ते काळं, जुनं मला द्या, मी भंगारात घालतो."

हसीना खूश. "आण्णा, दिल बडा है तुमारा." माइकखालचं पातेलं ओढायला ती वाकली, तर यश आडवा पडला.

"नाही नाही, त्याला हात लावायचा नाही. माझा साउंड बसलाय त्याच्यावर."

आण्णा म्हणाला, "अरे, नवीन घे की."

"नवीन पातेल्याचा आवाज खणखणतो, आण्णा. हेच पाहिजे. मर्डर मिस्टरीला हेच सूट होतं."

आण्णा हसला, पण उपरण्यानं घाम पुसला. डोळे नाही, घाम. मग ट्रकवरून नुकत्याच आलेल्या सिद्धूच्या खांद्यावर हात ठेवून बाजूला घेऊन गेला. "आता हे सांभाळायचं कुणी? तू ट्रकवर, बायकोचं असं झालेलं. जागा माझ्याकडं दे. बायकांना कामावरून काढणार नाही, माझा शब्द."

सिद्धू म्हणाला, "वर्षश्राद्ध झालं की बघू."

त्या यशच्या मूर्खपणाचे मी पाय धुवून पाणी पिते. त्याच्या हुशारीनं रेणुकाची पोरगी नेली आणि त्याच्या मूर्खपणानं पातेलं राखलं.

*

आता शेवटचा.

वर्षश्राद्धाचा दिवस. केंद्रात जेवणं झाली. सिद्धू नातेपुत्याहून पोरीला घेऊन आलेला, पण कडेवरून खाली उतरवत नव्हता. पोरगी "आई, आई" करत हात पुढं करायची, तो पाठ फिरवायचा. रेणुका चार हात लांब उभी. कुणी तिला जेव म्हटलं नाही, मी आणि हसीना सोडून.

यशनं शेवटचा भाग त्याच दिवशी ठेवला होता, लाइव्ह. म्हणजे इकडं बोललं की तिकडं लगेच ऐकू जातं, एडिट करायला जागाच नाही. माइक पातेल्यावर, समोर आण्णा शाल पांघरून. हवालदारही आला होता, मागं जेवायला बसलेला. यशनं आवाज खोल केला. "आज आपण खुन्याचं नाव घेणार आहोत."

आणि रेणुका त्यांच्या मधे जाऊन उभी राहिली.

"दादा, पातेलं द्या."

"अहो, लाइव्ह चालू आहे."

"चालू द्या. सासूच्या मयताला आलेलं भांडं हाय. वर्ष झालं. उद्या धाडायला पायजे ज्याचं त्याला."

"ज्याचं त्याला म्हणजे कुणाला? मालक कुठं सापडलाय?"

"सापडंल तवा सापडंल. घासून ठिवायला पायजे. मी सून हाय हितली अजून."

आण्णा म्हणाला, "राहू दे पोरी, मी बघतो त्याचं." आणि उठलाच. पण तोवर माइक माझ्या हातात होता आणि पातेलं रेणुकाच्या.

ती मोरीवर बसली. चिंच घेतली, राख घेतली, आणि काळ्या बुडावर असा हात चालवला, जशी वर्षभराची सगळी बोलणी त्यावर बसली होती. काळं पाणी वाहत गेलं. पितळ दिसायला लागलं. आधी कडेनं, गोल.

रेणुका थांबली. "मावशी, हितं काय तरी कोरलंय."

बुडाला. काठावर नव्हे, बुडाला. जुन्या लोकांची पद्धत.

मी चौथी शिकलेली. अक्षर लावत वाचते, पण वाचते. चष्मा लावला, माइक हातातच होता, सोडला नाही. टिंबाटिंबांनी कोरलेली अक्षरं.

"मं... गळ... वेढा."

हसीना म्हणाली, "मंगळवेढा? वो तो वहिनी का माहेर है ना?"

हवालदाराचा घास हातातच राहिला. आण्णाची शाल खाली पडली आणि ती उचलायला कुणी वाकलं नाही.

मी रेणुकाला म्हटलं, "वरची बाजू घास गं."

तिनं घासलं. "जावयास... लग्नात... भेट."

यश माइककडे हात पुढं करत होता. मी त्याच्या हातावर पळीनं दिली. "गप. लाइव्ह हाय."

मग सिद्धूकडे बघितलं. "सिद्धू, पोरीला खाली सोड. आणि तुझ्या आईच्या मयताचं पिठलं ती आमाला सापडायच्या आधी कुणाच्या घरात शिजलं, ते कान उघडून ऐक."

त्यानं पोरीला खाली सोडलं. ती पळत गेली आणि आईच्या राखेच्या हातांत घुसली. रेणुकानं एका हातानं तिला धरलं आणि दुसऱ्या हातानं पाण्याचा तांब्या उरलेल्या राखेवर ओतला. मधली ओळ स्वच्छ झाली. मी माइक तोंडाजवळ धरला आणि पहिल्या दिवसापासून जे कुणी ऐकलं नव्हतं ते सगळ्यांना वाचून दाखवलं.

"महालिंग शिवप्पा."